नेटवर्क सिक्युरिटी: पेपर सुटला, विषय हातात आला नाही. कुठून सुरुवात करू?

माणदेशी_पोर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. वयाने लहान आहे, मला ‘तू’च म्हणा.

मी आटपाडीचा. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर शाखा. आता शेवटचं वर्ष सुरू होतंय. तिसऱ्या वर्षाला नेटवर्क्सचा विषय होता, त्यातली शेवटची युनिटं सिक्युरिटीची. पेपर चांगला गेला. डीईएस या निरोप कुलूपबंद करायच्या जुन्या पद्धतीच्या सोळा फेऱ्यांची आकृती डोळे मिटून काढतो. आरएसएचं, म्हणजे उघडी आणि गुप्त अशा दोन किल्ल्यांच्या पद्धतीचं, उदाहरण सोडवतो. व्हायरस आणि वर्ममधला फरक, फायरवॉलचे प्रकार, सगळं पाठ आहे. प्रॅक्टिकल मात्र एकही हाताने केलेलं नाही. लॅबमधल्या मशिनांवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकायला परवानगी नव्हती. मागच्या बॅचच्या फाईलमधले स्क्रीनशॉट आम्ही प्रिंट काढून राइट-अपला चिकटवले आणि ओरलला तेच सांगितलं. सह्या झाल्या. मला ते आजही सलतं.

उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी एका ठिकाणी मुलाखत झाली. समोरच्या मॅडमनी विचारलं, “दोन लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत. तिसऱ्याला त्यांचं बोलणं स्वतःकडून वळवून घ्यायचंय. तो पहिल्यांदा काय करेल?” मी डीईएस सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि “ठीक आहे” म्हणाल्या. त्या “ठीक आहे”चा अर्थ मला जिना उतरतानाच कळला.

दुसरी गोष्ट घरची. वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि खताचं पॉस मशीन एकाच राउटरवर चालतात. राउटरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच होता, चार वर्षं. परवा मी तो बदलला. वडिलांनी विचारलं, “बदलल्यानं नेमकं काय झालं?” मी “सेफ झालं” म्हणालो. ते म्हणाले, “ते कळलं रे. पण कशापासून?” मला सांगता आलं नाही.

शेवटच्या वर्षाला नेटवर्क सिक्युरिटी इलेक्टिव्ह घ्यायची इच्छा आहे. गणित बेताचं आहे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. पुढे सी-डॅक करावं, गेट देऊन एम.टेक.ला जावं की सरळ सर्टिफिकेट काढून नोकरी धरावी, हेही ठरत नाहीये. पण त्याआधी विषय खरंच यायला हवा आहे. कसा शिकू?

घाटरस्ता

मी आयटीत नेटवर्क सपोर्टला आहे, सिक्युरिटीत नाही, त्यामुळे थोडक्यात सांगतो. हॅकिंगच्या कोर्सच्या जाहिरातींना आत्ता पैसे देऊ नकोस. आधी सीसीएनएच्या पातळीचं नेटवर्किंग पक्कं कर: सबनेट, व्हीलॅन, रूटिंग, नॅट. परीक्षा दिली नाहीस तरी अभ्यास कर. आमच्याकडे नवीन मुलं येतात, त्यांना हल्ल्यांची नावं वीस येतात. पण पिंग का जात नाहीये हे शोधायला दिलं की अर्धा दिवस जातो.

कृष्णाकाठची

माणदेशी, तुझ्या मुलाखतीतल्या त्या मॅडमच्या खुर्चीत मी पुष्कळदा बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी मूळची वाळवा तालुक्यातली, आता पनवेलला असते. अकरा वर्षं बँकांच्या नेटवर्कवर काम केलं. त्यानंतर शिकवण्याकडे वळले, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना हाच विषय शिकवते.

त्या प्रश्नाचं उत्तर ‘आर्प’ होतं. तुझ्या लॅपटॉपला राउटरचा आयपी पत्ता माहीत असतो, पण पॅकेट प्रत्यक्ष पोचवायला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, लागतो. मग तो सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक मारतो: १९२.१६८.१.१ कोणाचा? ज्याचा असेल तो ओ देतो, “माझा, हा घे मॅक पत्ता.” लॅपटॉप ते आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून “पाटलांचं घर कुठलं?” विचारावं, आणि जो “मीच पाटील” म्हणेल त्याच्या हाती पत्र द्यावं, तशी ही रीत आहे. कोणी न विचारता येऊन “पाटील मी” म्हणालं, तरी बहुतेक मशिनं आधीची नोंद खोडून नवी लिहितात. ओळखपत्र मागायची सोयच त्यात नाही. आरएफसी ८२६ हा आर्पचा मूळ मसुदा १९८२ चा आहे, आणि आज तुझ्या होस्टेलच्या वायफायवर तोच चालतो. तिसरा माणूस दोघांनाही “तो दुसरा म्हणजे मीच” असं सांगतो आणि मध्ये बसतो.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. नेटवर्क सिक्युरिटीतला कुठलाही धडा उघडलास तरी पहिला प्रश्न हाच विचार: उत्तर देणारा तो खराच तो आहे, हे विचारणाऱ्याला कशावरून कळतं? आर्पमध्ये उत्तर आहे: कळतच नाही. हा प्रश्न हातात धरलास की तुझी सुटी सुटी युनिटं एका धाग्यात येतील.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. जुलै २००८ ची गोष्ट. मला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. डॅन कॅमिन्स्की नावाच्या संशोधकाने डीएनएसमधली, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली, मोठी फट शोधली होती आणि ८ जुलैला बऱ्याच कंपन्यांनी एकदमच पॅच बाहेर काढले. आमच्या डीएनएस सर्व्हरवर रात्री पॅच मी लावला. चाचणी घेतली, उत्तर आलं, घरी गेले. सकाळी साडेनऊला फोन: एकाही शाखेतून बाहेरची एकही वेबसाइट उघडत नव्हती.

मी चाचणी घेतली होती ती आमच्याच अंतर्गत नावाची. ते उत्तर सर्व्हरकडे घरातच होतं, बाहेर विचारायची गरजच पडली नव्हती. आमचे एक ज्येष्ठ सहकारी शेजारी येऊन बसले. त्यांनी टीसीपीडम्प हा पॅकेट दाखवणारा प्रोग्राम सुरू केला आणि एवढंच म्हणाले, “वाच.” काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. प्रश्न बाहेर जात होते, उत्तराची एकही ओळ नव्हती. ते म्हणाले, “प्रत्येक ओळीतला सोर्स पोर्ट बघ.” सोर्स पोर्ट म्हणजे प्रश्न ज्या क्रमांकाच्या दारातून निघतो तो. ३३१०७, मग ५४८९०, मग १२७६२. दरवेळी वेगळा. “काल काय असायचा?” मला माहीत नव्हतं. काल दरवेळी ५३ असायचा. आणि फायरवॉलवर कोणीतरी कधीकाळी नियम लिहून ठेवला होता की डीएनएसचे प्रश्न सोर्स पोर्ट ५३ वरून निघाले तरच बाहेर सोडायचे. पॅचने पोर्ट बदलते केले, फायरवॉलने वाट अडवली.

पॅचने असं का केलं हे त्यांनी मला तिथेच कागदावर समजावलं. डीएनएसच्या प्रश्नाला १६ बिटांचा क्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. तोच क्रमांक घेऊन जे उत्तर पहिल्यांदा येईल ते सर्व्हर खरं मानतो. पोर्ट ठरलेला असेल तर हल्लेखोराला फक्त क्रमांक ताडायचा. एकदा चुकला तर खरं उत्तर येऊन साठवलं जातं आणि त्याला पुढच्या संधीसाठी थांबावं लागतं, असं सगळे धरून चालले होते. कॅमिन्स्कीने दाखवलं की थांबायची गरज नाही. त्याच डोमेनमधली अस्तित्वात नसलेली नावं एकामागून एक विचारत राहायचं, दर नावाला नवी संधी. आणि खोट्या उत्तरात त्या नावापुरतं न थांबता “या अख्ख्या डोमेनचा कारभार माझ्याकडे” असंही घुसवायचं. पोर्टही यादृच्छिक केला की शक्यता चारशे कोटींच्या आसपास जातात. सगळ्या उपायाचं मर्म एवढंच.

डीएनएसचे प्रश्न ज्यातून जातात त्या यूडीपीच्या हेडरमधला सोर्स पोर्ट परीक्षेत मी कितीदा लिहिला होता! चौकट काढायची, आत ‘१६ बिट्स’ लिहायचं. तो तिथे का आहे हे मला त्या सकाळी कळलं.

आता ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून जवळजवळ ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक दोन-तीन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून. तपासातून जे बाहेर आलं ते असं, की एटीएमवरून येणारी मंजुरीची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये खोटा स्विच (एटीएमच्या विचारणीला मंजुरी देणारा सर्व्हर) उभा केला होता आणि तो “मंजूर, मंजूर” म्हणत होता. पुन्हा तेच ना? आर्पमध्ये खोटा राउटर, डीएनएसमध्ये खोटा सर्व्हर, इथे खोटा स्विच. त्या आठवड्यात आम्ही बँकांत काम करणारी माणसं एकमेकांना एकच विचारत होतो: आपल्याकडे उत्तर कुठून येतंय हे कोण बघतं?

वडिलांना हेच सांग. राउटरमध्ये शिरलेला माणूस एक छोटी गोष्ट करू शकतो: दुकानातल्या मशिनांनी डीएनएस कोणाला विचारायचं तो पत्ता बदलतो. मग बँकेचं नाव टाईप केलं तरी तिचा पत्ता सांगणारा तोच. बँकेची साइट असेल तर ब्राउझर सर्टिफिकेट तपासतो आणि लाल पडदा दाखवतो, ही सोय आहे. पण घाईच्या वेळी तो पडदा ओलांडून पुढे जाणारी माणसं मी पाहिली आहेत. पासवर्ड बदलून तू पत्ता सांगणारा माणूस बदलू दिला नाहीस.

गणिताचं. भिऊ नकोस, पण टाळूही नकोस. तू आरएसएचं उदाहरण सोडवतोस ते ठीक, आता त्याच्याशी भांड. ५ आणि ११ घे. गुणाकार ५५. (५−१) गुणिले (११−१) म्हणजे ४०. उघडी किल्ली ३ घे, गुप्त किल्ली २७ येते, कारण ३ × २७ = ८१ आणि ८१ ला ४० ने भागलं की बाकी १. आता ७ हा निरोप कुलूपबंद कर: ७ चा घन ३४३, त्याला ५५ ने भागून बाकी १३. १३ चा २७ वा घात वहीवर, वर्ग करत करत काढ. १३ चा वर्ग १६९, बाकी ४. त्याचा वर्ग १६. त्याचा वर्ग २५६, बाकी ३६. त्याचा वर्ग १२९६, बाकी ३१. २७ म्हणजे १६ + ८ + २ + १, म्हणून ३१, ३६, ४ आणि १३ यांचा गुणाकार कर, दर पावलाला ५५ ने भागत. शेवटी ७ परत येतो. तो परत येताना बघ. मला आजही तो बघायला आवडतो.

मग प्रश्न विचार. ७ चा दरवेळी १३च होतो. निरोप फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असा असेल तर? चोरून पाहणारा उघडी किल्ली वापरून दोन्ही स्वतःच कुलूपबंद करेल आणि जुळवून बघेल. म्हणून प्रत्यक्षात निरोपात आधी यादृच्छिक भर घालतात. हा मुद्दा माझ्या वर्गातली मुलं स्वतःहून काढतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. आणि किल्ल्या उलट वापर: २७ ज्याच्याजवळ आहे तोच जे करू शकतो, ती झाली सही. “उत्तर देणारा तोच का?” याला गणिताने दिलेलं उत्तर ते हे. ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएसचं सर्टिफिकेट याच पायावर उभं आहे. ५५ चे अवयव तू क्षणात पाडतोस. २०४८ बिटांची संख्या म्हणजे ६१७ आकडे, तिथे आजचे संगणक हात टेकतात. संख्या मूळ आहे का हे ठरवणं मात्र सोपं आहे, आणि त्याची झटपट आणि हमखास रीत आहे हे २००२ मध्ये सिद्ध केलं ते आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते.

डीईएसच्या फेऱ्या विसरलास तरी चालेल. डीईएस का गेला ते विसरू नकोस: किल्ली ५६ बिटांची. १९९८ मध्ये त्याच कामासाठी बांधलेल्या एका यंत्राने सगळ्या किल्ल्या चाचपत ५६ तासांत ती शोधली.

सी भाषा येऊ दे. २०१४ मधलं हार्टब्लीड आठव, टीएलएससाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली चूक. गणित बरोबर, प्रोटोकॉल बरोबर, पण समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासणारी एक अट लिहायची राहिली. त्यामुळे दर विचारणीला सर्व्हर आपल्या मेमरीतले ६४ केबीपर्यंत देऊन टाकायचा.

आता लॅब. ८ जीबी पुष्कळ झाले. व्हर्च्युअलबॉक्स घे, त्यात तीन लिनक्स मशिनं कर, ग्राफिक्सशिवाय, प्रत्येकी ५१२ एमबीत बसतात. नेटवर्कची पद्धत ‘इंटर्नल’ ठेव. ‘ब्रिज्ड’ ठेवलंस तर तुझे प्रयोग होस्टेलच्या वायफायवर जातील, ते कदापि करू नकोस. पहिलं मशीन ग्राहक, दुसरं सर्व्हर, तिसरं मधला माणूस.

पहिला आठवडा हल्ला नाही. सर्व्हरवर टेलनेट (दुरून लॉग-इन व्हायची जुनी, कुलूप नसलेली सोय) लाव, ग्राहकावरून लॉग-इन हो आणि ते पॅकेट पकडून वायरशार्कमध्ये अख्खं संभाषण उघड. पासवर्ड दिसेल, ते सगळ्यांना माहीत असतं. पण युजरचं नाव आणि पासवर्ड यांच्या दिसण्यात एक फरक असेल. तो काय आणि का, ते इथे येऊन सांग. मी उत्तर देणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात आर्प. दोघांचे तक्ते आधी कागदावर उतरवून घे. व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक पत्ते ०८:००:२७ ने सुरू होतात, त्यामुळे फरक शेवटच्या तीन जोड्यांत शोधावा लागेल. डोळ्याला ती सवय लागली पाहिजे.

यापुढचे प्रयोग हवे असतील तर सिराक्यूज विद्यापीठातल्या वेनलियांग डू यांच्या सीड लॅब्स मोफत आहेत, मशीनसकट. तिथे टीसीपी, डीएनएस, टीएलएस सगळं क्रमाने हाताने करून घेतात. दर प्रयोगाचा राइट-अप स्वतःच्या शब्दांत लिही, मराठीत लिहिलास तरी चालेल. ती फाईल मुलाखतीला घेऊन जा.

कलमदान

कृष्णाकाठचींनी ‘ब्रिज्ड’ नको म्हटलं आहे, त्याला कायद्याचा आधार सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३: मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलात, डेटा उतरवून घेतलात, सेवा बंद पाडलीत, तर नुकसानभरपाई. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. “अभ्यास करत होतो” हे ऐकायला बरं वाटतं, पण तोवर लॅपटॉप जप्त झालेला असतो.

नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस हा कॉर्नेलमध्ये शिकणारा विद्यार्थीच होता. त्याने सोडलेला वर्म स्वतःच्या प्रती काढत सुटला आणि तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो मशिनं अडकून पडली. न्यायालयात उद्ध्वस्त करायचा हेतू सिद्ध करावा लागला नाही, परवानगीशिवाय शिरणं पुरेसं ठरलं. तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड. माणदेशी, लॅबसाठी कॉलेजचं नेटवर्क कधी वापरायचं झालंच तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी घे, तारखेसह. तोंडी होकारावर जाऊ नकोस.

सकाळची_पीएमटी

मी सी-डॅकचं डीआयटीआयएसएस केलं, म्हणजे आयटी यंत्रणा आणि सिक्युरिटीचा पदविका कोर्स. सहा महिने पूर्णवेळ, प्रवेशाला सी-कॅट द्यावी लागते. दिवसभर वर्ग आणि लॅब, रात्री असाइनमेंट. लिनक्स आणि नेटवर्किंग आधीपासून हातात असलेल्यांना सोनं मिळालं. बाकीच्यांचा अर्धा वेळ सुरुवातीचं उमगण्यात गेला. एम.टेक. वेगळं: दोन वर्षं, गेटचा अभ्यास, आणि पुढे संशोधन किंवा शिकवणं आवडणार असेल तर तेच बरं. कृष्णाकाठचींनी सांगितलेली लॅब या वर्षी केलीस तर तुला काय आवडतं ते तुलाच कळेल. पॅकेट वाचण्यात रमलास तर सी-डॅक, ५५ आणि २७ मध्ये रमलास तर गेट. इलेक्टिव्ह मात्र डोळे झाकून घे.

माणदेशी_पोर

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार. इलेक्टिव्ह घेतली.

ताई, टेलनेटचा फरक सापडला. युजरच्या नावातलं प्रत्येक अक्षर दोन-दोनदा दिसतं, पासवर्डमधलं एकदाच. दोन दिवस मला वाटत होतं की पॅकेट दोनदा पकडली जातायत. मग एकेक पॅकेट उघडून पाहिलं. मी दाबलेलं अक्षर सर्व्हरकडे जातं आणि सर्व्हर तेच परत पाठवतो, तेव्हा ते माझ्या पडद्यावर उमटतं. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काही उमटत नाही, कारण सर्व्हर ते परत पाठवतच नाही. इतकी वर्षं लॉग-इन करतोय, अक्षर माझ्या पडद्यावर तिकडून फिरून येतं हे कधी मनातही आलं नव्हतं.

वडिलांना डीएनएसचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, “मग आत्ता कोणाला विचारतोय आपला राउटर?” दोघांनी मिळून उघडून बघितलं. कंपनीचाच पत्ता होता.

आता अडलोय. आर्प केलं. ग्राहकाच्या तक्त्यात सर्व्हरसमोर मधल्याचा मॅक आला, सर्व्हरच्या तक्त्यातही आला. पण तत्क्षणी ग्राहकाचं पिंग बंद. मला तर वळवून घ्यायचं होतं, तोडायचं नव्हतं. चूक कुठे?

कृष्णाकाठची

शाब्बास. दोनदा पकडलं जातंय असं वाटून तिथेच थांबला नाहीस, ही मोठी गोष्ट आहे.

चूक नाही, अर्धं काम झालंय. मधल्या मशीनपाशी पॅकेट येतंय, पण त्यावरचा आयपी पत्ता त्याचा नाही. साधं लिनक्स मशीन अशा वेळी ते टाकून देतं, कारण पुढे पोचवणं हे राउटरचं काम. त्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंग सुरू कर. आणि सुरू करायच्या आधीची आणि नंतरची पिंगची ओळ शेजारी शेजारी ठेवून वाच. शेवटपर्यंत.

माणदेशी_पोर

चाललं! ओळी शेजारी ठेवल्या. मधूनमधून ‘रिडायरेक्ट होस्ट’ असं काहीतरी येतंय, तेही मधल्याच्या पत्त्यावरून, म्हणजे तो स्वतःच स्वतःचं नाव सांगतोय. आणि दुसरं, आधी दर ओळीत टीटीएल (वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी एकने कमी होणारा आकडा) ६४ होता, आता ६३. एकच आकडा कमी. दोन्ही मशिनं एकाच नेटवर्कवर असताना मध्ये कोणी नसलं पाहिजे, आणि एक पायरी वाढलीय. रात्री पावणेबाराला मी वडिलांना उठवून तो आकडा दाखवला.

आता टेलनेट काढून एसएसएच (तसंच दुरून लॉग-इन, पण कुलूपबंद) लावतोय. ग्राहकावरून पहिल्यांदा जोडताना तो म्हणतोय, या सर्व्हरची खात्री करता येत नाही, किल्लीचा ठसा अमुक अमुक आहे, पुढे जायचं का? हो म्हणू?

कृष्णाकाठची

थांब. आधी सर्व्हरच्या मशीनवर जाऊन बस, तिथे त्याच्या किल्लीचा ठसा काढ आणि कागदावर लिहून घे. मग ग्राहकापाशी ये आणि अक्षर न् अक्षर जुळव. जुळला तरच हो म्हण.